पेट्या बांधायच्या दिवसांत

ऑक्टोबर उजाडला की निवासी शाळेच्या सूचनाफलकावर कागदांची दाटी होते. सहामाहीचं वेळापत्रक, खो-खो आणि कबड्डीच्या सामन्यांच्या तारखा, विज्ञान प्रदर्शनासाठी नावं देण्याची मुदत, आकाशकंदील करण्याचा वर्ग, आरोग्य तपासणीचा दिवस. या सगळ्यांच्या खाली, बहुतेकदा हाताने लिहिलेली एक सूचना असते: पालकांनी पाल्याला न्यायला अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत यावं, सोबत ओळखपत्र आणावं, मूल अन्य कुणाच्या ताब्यात दिलं जाणार नाही. फलकापुढे मुलं घोटाळतात ती या शेवटच्या कागदासाठी. तारीख पाठ झालेली असते, तरी ती पुन्हा पुन्हा वाचली जाते.

रोज घरी जाणाऱ्या मुलांच्या शाळेचं काम सुट्टीची घंटा वाजली की संपतं. निवासी शाळेला तेवढ्यावर सुटता येत नाही. तिथे प्रत्येक मुलामागे तीन प्रश्न उभे असतात. मूल कुणाबरोबर जाणार? कुठल्या घरी जाणार? परत कधी येणार? पहिल्या प्रश्नापुढे सही किंवा अंगठा घेता येतो, दुसऱ्यापुढे पत्ता लिहिता येतो. तिसऱ्याचं उत्तर पालक देऊन जातात खरे. पण ते किती खरं होतं हे नोव्हेंबरात वर्ग भरल्यावरच कळतं.

ही बाब थोड्याथोडक्या मुलांची नाही. राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळाच सुमारे पाचशे आहेत. संस्थांनी चालवलेल्या अनुदानित आश्रमशाळा साडेपाचशेच्या आसपास. दोन्ही मिळून मुलांची संख्या चार लाखांच्या घरात जाते आणि त्यांत पहिलीच्या बाकावर बसणारी सहा वर्षांची मुलंही असतात. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठीच्या आश्रमशाळा वेगळ्या, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं वेगळी. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. नवोदय विद्यालयांचा प्रयोग १९८५-८६ साली देशात दोनच ठिकाणी झाला. एक हरयाणात झज्जरला आणि दुसरा आपल्या अमरावतीला. या सगळ्या शाळांची पहिलं सत्र संपवण्याची तऱ्हा वरवर सारखीच दिसते. आत मात्र फरक पडतो तो मुलं कोणत्या घरांतून आली आहेत याने.

महाराष्ट्राला वसतिगृहांची सवय जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढच्या वीस वर्षांत त्या शहरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग लागली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८चं. त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. कोठीत धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडून मुलांना जेवू घातलं, ही हकीकत रयतच्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. ती सांगितली जाते ती याच दिवसांत. २२ सप्टेंबरची कर्मवीर भाऊराव जयंती आणि ४ ऑक्टोबरचा संस्थेचा स्थापना दिन हे रयतच्या शाळांचे पहिल्या सत्रातले मोठे कार्यक्रम. प्रभातफेऱ्या, चित्ररथ, भाषणं उरकली की लगेच सहामाही येते.

त्या काळच्या वसतिगृहांत आणि आजच्या शाळांत एक धागा अखंड आहे. मुलाला घरापासून दूर ठेवायचं ते शिक्षणासाठी. घराशी असलेलं त्याचं नातं तुटू द्यायचं नाही. म्हणून सत्राअखेरची सुट्टी निवासी शाळेच्या कामाचाच भाग ठरते. घर कसं चालतं, घरातली माणसं कधी कुठे असतात, हे न बघता आखलेली सुट्टी मुलाला परत आणत नाही.

आश्रमशाळेतले शेवटचे आठ-दहा दिवस कसे जातात ते पाहण्यासारखं असतं. वर्ग मुख्याध्यापकांच्या हाती, पण वसतिगृहाचा सगळा भार अधीक्षक आणि स्त्री अधीक्षिका यांच्यावर. संकलित मूल्यमापनाचे पेपर चालू असतानाच एकीकडे गाद्या उन्हात पडतात. पावसाळाभर दमटलेल्या, कुबट वास धरलेल्या गाद्या. पेट्या तपासल्या जातात. कुणाचं कुलूप मोडलेलं, कुणाची कडी तुटलेली. शाळेच्या वस्तू जमा होतात, घरी न्यायच्या कपड्यांची बोचकी बांधली जातात. स्वयंपाकी आणि कामाठी भांडी मोजतात. कोठीत तांदूळ, डाळ, तेल किती शिल्लक आहे याची नोंद होते, कारण सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी चूल पेटवायची असेल तर धान्य आजच हिशेबात असावं लागतं. शेवटच्या दिवशी गोडाचं जेवण हा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे.

काही ठिकाणी हे चित्र बदललं आहे. आदिवासी विकास विभागाने टाटा ट्रस्टच्या साह्याने नाशिक जिल्ह्यात मुंढेगाव आणि पालघर जिल्ह्यात कांबळगाव इथे मध्यवर्ती स्वयंपाकघरं उभी केली आणि आसपासच्या आश्रमशाळांना तिथून शिजलेलं अन्न जाऊ लागलं. अशा ठिकाणी सुट्टीची तारीख एका शाळेपुरती राहत नाही. एका शाळेने मुलं दोन दिवस आधी सोडली आणि कळवलं नाही, तर तेवढं अन्न वाया. एका शाळेतल्या पाच मुलींना न्यायला कुणी आलंच नाही, तर त्या पाच जणींच्या जेवणाची सोय कुणी तरी लक्षात ठेवून करायची.

न्यायला न येणं ही रोजची गोष्ट आहे, यात कुणाचा निष्काळजीपणा शोधायला जाऊ नये. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात ऑक्टोबर म्हणजे भातकापणी. पीक शेतात उभं, वरून अवकाळी पावसाची भीती. अशा वेळी दिवस मोडून, दोन गाड्या बदलून शाळेत पोचणं एका माणसाची मजुरी बुडवतं. म्हणून एकाच पाड्यावरच्या सात-आठ मुलांना न्यायला एकच माणूस येतो. नियमाने मूल आईबापांच्याच हाती द्यायचं. पाड्याच्या रीतीने आलेला माणूस प्रत्येकाचा काका किंवा मामा असतोच. अनुभवी अधीक्षक यावर तोडगा काढतात: सत्राच्या सुरुवातीलाच प्रत्येक मुलामागे न्यायला येऊ शकणाऱ्या तिघांची नावं, नातं आणि फोटो घेऊन ठेवायचे. तो कागद ज्या शाळेत नीट भरलेला असतो तिथे शेवटच्या दिवशी रडारड कमी होते. मुलगी असेल तर या कागदाचं मोल आणखी वाढतं.

प्रवासाच्या सोयी प्रांताप्रांताने बदलतात. साताऱ्याकडे वडाप, मराठवाड्यात आणि विदर्भात काळीपिवळी, डोंगरात मिळेल ती जीप. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे लेकीला न्यायला आईने स्वतः येणं सोपं झालं आहे. गडचिरोलीच्या भामरागड भागात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलापलीकडचा सगळा मुलूख तुटतो. तिथे पाऊस सरल्यावरची सुट्टी ही कित्येक मुलांची जूननंतरची पहिलीच घरवापसी असते. हेमलकशाला बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्पाचं काम १९७३च्या डिसेंबरात सुरू केलं, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी ते पुढे चालवलं आणि १९७६ साली आश्रमशाळा उघडली. माडिया बोलणाऱ्या मुलांसाठी मराठी पुस्तकं आणि घरापासून दूरची वस्ती, दोन्ही एकदमच आली. अशा मुलखातल्या शाळेला सुट्टीचा हिशेब दिवसांत करून भागत नाही. रस्ता कुठवर आहे आणि पुढे पायवाट किती, हेही त्यात धरावं लागतं.

नवोदयची कथा वेगळी. तिथे प्रवेश सहावीत, परीक्षा देऊन. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या. मुलं जरा मोठी, पालक ठरल्या दिवशी येणारे, त्यामुळे सुट्टीच्या सकाळी फाटकाबाहेर दुचाक्या आणि जीपांची रांग लागते. या शाळांची खरी कसोटी नववीत असते. नववीच्या वर्गातली तीस टक्क्यांपर्यंत मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला जातात. मराठवाड्यातला मुलगा हिंदी प्रदेशात, तिकडचा मुलगा आपल्याकडे. त्यांना सुट्टीत घरी पोचवायचं म्हणजे महिनोन्महिने आधी रेल्वेची तिकिटं, सोबत शिक्षक, मुलींबरोबर शिक्षिका. दीड दिवसाच्या प्रवासात पंचवीस मुलांची शिरगणती प्रत्येक मोठ्या स्टेशनावर करणारा शिक्षक सुट्टीतही कामावरच असतो. हे काम कुठल्या निकालपत्रात दिसत नाही. ते दिसायला हवं.

आता थोडं सुट्टीच्या तारखांविषयी. शैक्षणिक वर्षातल्या एकूण सुट्ट्या ७६ दिवसांहून जास्त होऊ नयेत, असा राज्याचा दंडक आहे. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मोठी सुट्टी उन्हाळ्यात, ही घडी शहराला आणि देशावरच्या गावांना बरोबर बसते. सातपुड्याला ती बसत नाही. नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत भिल्ल आणि पावरा घरांचा मोठा सण होळी. काठीची राजवाडी होळी पाहायला दुरून माणसं येतात, त्याआधीचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, कामासाठी गुजरातेत गेलेले लोक घरी परततात. मेळघाटात कोरकूंचंही तेच. होळी आणि मागाहून फगवा. या दिवसांत आश्रमशाळेत मुलं थांबत नाहीत. शाळा त्याला गैरहजेरी म्हणते. मुलांच्या लेखी ते वर्षातले सगळ्यांत महत्त्वाचे दिवस असतात.

खरं तर यावर उपाय शिक्षण विभागाच्या परिपत्रकातच आहे. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी थोडी कमी करून गणेशोत्सव किंवा नाताळ यांसारख्या सणांना ती समायोजनाने द्यावी, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, अशी मुभा त्यात दिलेली असते. कोकणातल्या शाळा गणपतीसाठी हा मार्ग वापरतात. सातपुड्यातल्या निवासी शाळांनी तो होळीसाठी वापरावा यापेक्षा सरळ गोष्ट दुसरी नाही. दिवाळीचे पाच दिवस कमी करून होळीला दिले तर मुलं सांगून जातील आणि सांगितल्या दिवशी येतील. आज ती न सांगता जातात, रात्रीची, पायी, आणि मग शोधाशोध होते.

वारली घरांत मात्र दिवाळीला स्वतःचा अर्थ आहे. वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते, नवं भात घरात येतं, तारप्याचा नाच रंगतो. या मुलांना दिवाळीत घरी जाण्याची ओढ असते ती यासाठी. पण याच सणानंतर पालघर आणि रायगडच्या पाड्यांवर दुसरीच हालचाल सुरू होते. वीटभट्टीच्या मालकाकडून बयाणा घेतलेली कातकरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल मानलेल्या आदिवासी जमाती. सुट्टीसाठी घरी आलेलं कातकरी मूल आठवडाभराने कुणाबरोबर जातं हा इथला प्रश्न आहे. आई भट्टीवर जाणार, धाकटं भावंड कडेवर. त्याला सांभाळायला दहा वर्षांची बहीण हाताशी असते. तिची पेटी आश्रमशाळेतच राहते.

विवेक पंडित यांच्या विधायक संसदेने १९९०च्या दशकात या मुलांसाठी भट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवल्या. भट्टीवरच्या मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून ते नाव. साखर कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा आल्या. शहाद्याच्या जनार्थ संस्थेचं त्यातलं काम मोठं. मुलं जिथे जातात तिथे शाळा न्यायची, हा एक मार्ग. मुलं जिथली आहेत तिथेच त्यांना ठेवून घ्यायचं, हा दुसरा. ऊसतोडीच्या मुलखात हा दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहांच्या रूपाने उभा राहिला आणि दिवाळीच्या सुट्टीचा सगळ्यांत अवघड हिशेब त्याच्याच वाट्याला आला.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव. या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांतून ऊस तोडायला निघणाऱ्यांची संख्या कामगार संघटना दहा लाखांच्या पुढे सांगतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती माणशी मिळत नाही, कोयत्यावर मिळते. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळी ट्रॅक्टरमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याकडे, पार बेळगावपर्यंत जाते. उसाच्या फडाशेजारी खोपी पडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घर तिथेच. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि मुलं, किंवा नुसतीच म्हातारी माणसं.

टोळी कधी निघणार हे कारखान्यांचा गाळप हंगाम कधी सुरू होतो त्यावर ठरतं, आणि तो दिवस मंत्री समिती ठरवते. गेल्या काही वर्षांच्या तारखा दिवाळीशेजारी ठेवून पाहिल्या की वसतिगृहाची अडचण लख्ख दिसते. २०२२ साली हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू झाला, लक्ष्मीपूजन होतं २४ ऑक्टोबरला. २०२३ साली हंगाम १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. म्हणजे सलग दोन वर्षं धुराडी आधी पेटली आणि दिवाळी मागून आली. शाळेला सुट्टी लागली तेव्हा अनेक मुलांच्या घराला कुलूप होतं. २०२४ साली उलट झालं. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, हंगाम १५ नोव्हेंबरला. सण घरी झाला आणि शाळा पुन्हा भरायच्या सुमारास टोळ्या हलल्या. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि हंगाम १ नोव्हेंबरला.

या चार वर्षांत शाळेची सुट्टी आपली पंचांगाला धरून आली आणि गेली. हंगामी वसतिगृहाला पंचांग पाहून चालत नाही. ज्या वर्षी टोळी दिवाळीआधी निघते त्या वर्षी वसतिगृह सुट्टीतच सुरू झालं पाहिजे. शाळा बंद, शिक्षक गावी, पण मुलांच्या जेवणाची आणि झोपायची सोय चालू. ज्या वर्षी टोळी दिवाळीनंतर निघते त्या वर्षी ते शाळा उघडण्याच्या दिवशीच दार उघडून बसलेलं हवं. एक आठवड्याची चालढकल झाली तरी मूल ट्रॅक्टरवर चढतं. एकदा चढलेलं मूल पट्टा पडल्याशिवाय उतरत नाही, कारण त्याला परत आणून सोडायला कोयता मोडावा लागतो आणि मोडलेल्या दिवसाची मजुरी बुडते.

ही वसतिगृहं गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात. मंजुरी वरून येते, अनुदान मागाहून येतं. गावातलीच एखादी बाई स्वयंपाक करते, किराणा उधारीवर आणला जातो. जिथे मुख्याध्यापक सप्टेंबरातच घरोघर फिरून कुठल्या कुटुंबाने उचल घेतली, कोण कधी निघणार, मागे आजी आहे का, याची यादी करतात तिथे मुलं थांबतात. ही यादी म्हणजे खरी सत्राअखेरची तयारी आहे. तिच्यासाठी कुठला नवा निधी लागत नाही, वेळेवर गावात फिरणारी माणसं लागतात. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० साली शांतिवन सुरू केलं तेही ऊसतोड कामगारांची मुलं मागे राहावीत म्हणून. राज्य सरकारने २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली: ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलांची. सुरुवात भाड्याच्या इमारतींत झाली. गरज पाहिली तर ८२०० जागा फारच थोड्या आहेत, पण सहा महिन्यांच्या ऐवजी वर्षभर उघडं राहणारं दार ही या योजनेतली मोलाची गोष्ट आहे.

मुलींच्या बाबतीत दिवाळीचा पंधरवडा आणखी जड जातो. लक्ष्मीपूजन झालं की दहा-बारा दिवसांत तुळशीचं लग्न येतं आणि लग्नसराई उघडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचा आकडा याच्या जवळजवळ निम्मा आहे. कोयता जोडीचा असतो हे एकदा ध्यानात घेतलं की या आकड्यामागचा व्यवहार कळतो. लग्न झालं की नवा कोयता तयार, नवी उचल मिळते. शिवाय वयात आलेली मुलगी म्हाताऱ्या आजीजवळ सोडून सहा महिने दूर राहायचं, ही आईच्या जिवाला लागलेली काळजी खोटी नसते. त्या काळजीला उत्तर एकच: मुलगी सुरक्षित राहील असं वसतिगृह. तिथे रात्री मुक्कामाला बाई हवी, दिवे हवेत, आतून कडी लागणारं न्हाणीघर हवं.

म्हणून सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की आठवी-नववीच्या मुलींशी निवांत बोलायचा एक तास काही शिक्षिका आवर्जून काढतात. घरी काय चाललंय, पाहुणे येऊन गेले का, मोठ्या बहिणीचं लग्न किती वयात झालं. प्रश्न साधे असतात. त्यातून धोका कळतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला जातो. सुट्टीच्या मधल्या एखाद्या दिवशी शिक्षिका फोन करते आणि थेट मुलीशी बोलते. पालकांशी बोलून ठेवलेला फोन आणि मुलीशी बोललेला फोन यांत किती अंतर असतं हे या शिक्षिकांना चांगलं ठाऊक आहे. अशा शाळांची दखल घ्यायची तर दहावीच्या निकालाच्या आधी, नोव्हेंबरात परतलेल्या मुलींच्या हजेरीवरून घ्यायला हवी.

काही मुलं कुठेच जात नाहीत. आईबाप नसलेली, किंवा बाप गेल्यावर आईने दुसरीकडे संसार मांडलेला, किंवा आईबाप फडावर गेलेले. बाकीच्यांच्या पेट्या निघताना ही मुलं मदतीला पुढे असतात. त्यांच्यासाठी वसतिगृह उघडं ठेवायचं म्हणजे एक स्वयंपाकी, एक पहारेकरी आणि एक अधीक्षक यांची स्वतःची दिवाळी त्यात गेली. अनेक जण ती आनंदाने देतात. उरलेल्या मुलांना घेऊन किल्ला करतात, करंज्या तळतात, एखादा शिक्षक दोघा-तिघांना आपल्या घरी घेऊन जातो. हे सगळं माणसांच्या चांगुलपणावर चालतं, आणि तेच खटकतं. सुट्टीत थांबणाऱ्या मुलांसाठी वेगळा शिधा, वेगळी माणसं आणि त्या माणसांना बदली रजा, इतकं तर आधीच लिहून ठेवलेलं असायला हवं.

परतीच्या दिवसाची तयारीही जाण्याच्या दिवशीच करावी लागते. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंच्या प्रश्नावर २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. तेव्हापासून आजारी मुलाकडे पाहण्याची नजर थोडी बदलली आहे. ताप असलेलं मूल सुट्टी लागली म्हणून घरी धाडून द्यायचं नाही, आधी आरोग्य केंद्रात दाखवायचं. घरून आलेल्या प्रत्येक मुलाची तपासणी करायची: वजन किती घटलं, खरूज आहे का, हिवतापाची लक्षणं आहेत का. जाताना वजन लिहिलेलं नसेल तर आल्यावर ते घटलं की वाढलं हे कळणार कसं? दोन रकान्यांचा तक्ता. तो भरायला एका शाळेला एक दुपार पुरते.

मार्च २०२० मध्ये यातलं काहीच करायला वेळ मिळाला नव्हता. टाळेबंदीच्या तोंडावर आश्रमशाळा रिकाम्या झाल्या. परीक्षा नाही, निरोप नाही, परतीची तारीख नाही. पुढे आदिवासी विकास विभागाने अनलॉक लर्निंग नावाने पाड्यांवर पुस्तकं आणि शिक्षक पोचवायचा प्रयत्न केला. पुष्कळ मुलं परत आली. काही भट्ट्यांवर गेली, काही मुली सासरी गेल्या. त्या काळात ज्यांच्याकडे मुलांच्या घरांचे खरे पत्ते आणि चालू असलेले फोन नंबर होते त्या शाळांना मुलं शोधता आली. कागदावर फक्त गावाचं नाव असलेल्या शाळांना पाड्यामागून पाडे तुडवावे लागले.

दिवाळीनंतरचं दुसरं सत्र भरगच्च असतं. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा प्रकल्प पातळीवरून विभाग आणि राज्य पातळीवर जातात, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं होतात, आणि त्या धावपळीत बोर्डाची परीक्षा येऊन ठेपते. २०२५ साली बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली, म्हणजे आधीच्या प्रघातापेक्षा आठवडाभराहून जास्त दिवस आधी. त्याच वर्षी पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा मात्र राज्यभर ८ ते २५ एप्रिल या काळात घेतल्या गेल्या. या तारखांचा अर्थ वसतिगृहाच्या अंगणात उभं राहून लावला पाहिजे. दहावीची मुलं मार्चच्या मध्यावर मोकळी होतात तेव्हा अनेकांचे आईबाप अजून फडात असतात. परीक्षा संपली म्हणून त्यांना वसतिगृह सोडायला लावलं तर ती जाणार खोपीवर, आणि हातात कोयता येणार. सातवीतल्या मुलाचं उलटं असतं. पट्टा मार्चमध्येच पडला तर घरचे परततात, त्याला घरी नेतात आणि एप्रिलची परीक्षा बुडते. एकाच इमारतीतल्या दोन मुलांना दोन निरनिराळ्या तारखांना निरोप द्यावा लागतो. म्हणून हंगामी वसतिगृहाची मुदत महिन्यांत न मोजता मुलाची परीक्षा संपेपर्यंत किंवा त्याचे आईबाप घरी परतेपर्यंत, यांपैकी जे उशिरा घडेल तिथवर धरावी आणि तसं यंदाच्या मंजुरीच्या आदेशातच लिहावं.